ओल्या गोणपाटाखालचं तापमान

आज दुपारी दोन वाजता माझ्या मोबाइलवर पंचेचाळीस आलं.

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी कूलरसमोर बनियनवर बसलो होतो. इथून पन्नासेक किलोमीटरवर, तापी ओलांडून चोपड्याकडे जाताना, आमची केळीची बाग आहे. तिच्या बांधावर एक पांढरा खांब उभा आहे. खांबावर पेटी, पेटीत बॅटरी आणि सिमकार्ड. हवा किती तापली, तिच्यात ओलावा किती, वारा किती, मातीत ओल किती, हे तो दर पंधरा मिनिटांनी कळवतो. बाग आता मुलाने वाट्याने दिली आहे आणि तिथलं मला कुणी काही विचारत नाही. खांब मात्र न विचारता सांगत राहतो. "नाना, ते ॲप काढून टाका ना," सून म्हणते. "तुम्हाला काय करायचंय आता त्याचं?" तिचं खरं आहे. तरी मी ते काढलेलं नाही.

वैशाख आमच्याकडे सकाळी आठलाच अंगावर येतो. दहाला नळाखाली हात धरवत नाही. बाराला रस्त्याचं डांबर चपलेला ओढून धरतं. दुपारच्या जळगावात माणूस दिसलाच तर तो डोक्यापासून गुंडाळलेला असतो, फक्त डोळे उघडे. या उन्हावर आमच्या भागात एकच उपाय आहे आणि तो कुणालाही परवडतो. ओलं गोणपाट. माठाभोवती गोणपाट, भाजीवालीच्या मेथीवर गोणपाट, स्कूटरच्या सीटवर गोणपाट, गोठ्याच्या दाराला गोणपाट. कुठल्याही गल्लीतून जा, ओल्या तागाचा तो कुबट, गार वास येतो. लहानपणी मी त्या वासाजवळ जाऊन झोपायचो. आता तो आला की रस्ता बदलतो.

मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी वर्गात दोन तापमापी शेजारी शेजारी टांगायचो. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं, दुसरा तसाच ठेवायचा. मुलांना विचारायचं, दोघं एकाच हवेत आहेत, मग हा कमी का दाखवतो? मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणायचं, "सर, त्याले थंडी वाजस." वर्ग हसायचा. मग मी फळ्यावर लिहायचो की पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं, म्हणून ओल्या फडक्यातला तापमापी हवेचं तापमान सांगत नाही. हे वाक्य मी चौतीस वेळा लिहिलं आहे. पुढे जे सांगायचं आहे त्यात मला माहीत नव्हतं अशी सबब मला कुणी देऊ नये, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

ही गोष्ट तीन उन्हाळ्यांपूर्वीची. निवृत्त झाल्यावर मी बागेतल्या खोलीतच राहत होतो. शेतकऱ्यांच्या आमच्या गटाने अकरा बागांत असे खांब बसवले. बसवायला एक इंजिनिअर बाई आली होती. तिने माझ्या बांधावरची उघडी जागा निवडली, झाडांपासून लांब, पाण्याच्या नळीपासून लांब. "सर, तुम्हाला काय सांगायचं," ती म्हणाली, "तुम्ही तर हेच शिकवलं असणार." मला ते फार आवडलं. मी तिला माझ्या हातचा चहा दिला.

फाल्गुन संपता संपता अकरा बागांचे आकडे ॲपवर एकाखाली एक दिसू लागले. सगळ्यात वर, लाल अक्षरांत, माझं नाव. गावाने त्या आकड्याचा आपला अर्थ लावून टाकला होता. ज्याचा आकडा कमी, त्याची बाग राखलेली. ज्याचा जास्त, त्याने पश्चिमेला गरम वारा अडवणारं शेवरीचं कुंपण नीट केलेलं नाही, पाणी वेळेवर सोडलेलं नाही, त्याला केळी कळत नाही. खांब हवा मोजत होता आणि आम्ही त्याला परीक्षक करून ठेवलं. रोज दुपारी चहाच्या टपरीवर निकाल वाचला जायचा.

"नाना, तुमना बागमा ते पापड भाजाई जातीन," प्रल्हादभाऊ म्हणाले. त्यांची बाग माझ्या बागेला लागून होती, आणि त्यांचा खांब केव्हाच विहिरीवरच्या आंब्याखाली गेला होता. ते मला पुढे कळलं.

"मास्तरनी शेती," बाकावरचा दुसरा बोलला. "फळावर हिरवी, वावरमा पिवळी."

सगळे हसले, मीही हसलो. त्याच संध्याकाळी मी खांब उपटला आणि बागेच्या आत, केळीच्या दाट ओळींमध्ये रोवला.

केळीची बाग आतून ज्याने पाहिली नाही त्याला उन्हाळ्यातला हा चमत्कार सांगून पटणार नाही. बाहेर पांढरं, डोळे मिटायला लावणारं ऊन. पानांच्या कमानीखाली दोन पावलं आत शिरलं की हिरवा अंधार, पायाखाली ओली माती, वर पानं एकमेकांना घासत असतात आणि लांबून पाणी वाहिल्यासारखं वाटतं. आतली हवा आणि बाहेरची हवा यांची ओळखच नसते. खांब तिथे गेला आणि दुसऱ्या दिवशी माझा आकडा चार अंशांनी उतरला. तरी प्रल्हादभाऊ माझ्या खालीच होते. एका अंशाने. तो एक अंश मला सहन झाला नाही. मी पेटीभोवती गोणपाट बांधलं, आणि ते रोज अकरा वाजता भिजवायचं काम गुलीबाईला सांगितलं.

गुलीबाई रायसिंगची बायको. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून त्यांची टोळी दर उन्हाळ्यात केळी कापायला यायची. रायसिंग टोळीचा मुकादम. पुरुष घड कापायचे, बाया ते डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत न्यायच्या, कारण गाडी आतल्या पांधीत, त्या अरुंद शेतवाटेत, शिरत नव्हती. त्या पांधीला सावली नाही. तीनशे पावलं उघड्यावर, जाताना डोक्यावर घड, येताना डोक्यावर ऊन. गुलीबाईच्या लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. तो डाग धुऊन जात नाही, कापड फाटेपर्यंत राहतो.

"सर, मशीनले बी ऊन लागस का?" तिने पहिल्याच दिवशी बादली उचलताना विचारलं.

"लागतं तर," मी म्हणालो. "चक्कर येते त्याला."

ती हसली नाही. मान हलवून तिने ते ऐकून घेतलं, जसं आजाऱ्याबद्दल काही सांगितलं तर आपण ऐकतो. मला तिचा भाबडेपणा गमतीचा वाटला. टपरीवर मी तो रंगवून सांगितला आणि त्या दिवशी लोक माझ्यावर नाही, तिच्यावर हसले.

पुढचे दिवस मी सुखात होतो. हे लिहायला हात जड होतो, पण सुखात होतो. माझं नाव यादीत सगळ्यात खाली गेलं होतं, हिरव्या अक्षरांत. प्रल्हादभाऊ म्हणाले, "नाना, तुमना बागमा ते महाबळेश्वर शे." इंजिनिअर बाईचा फोन आला. आकडे अचानक उतरलेत, खांब हलवला आहे का, तिने विचारलं. मी म्हणालो, "नाही हो. शेवरी वाढली आहे." ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर तसंच असणार, सर."

त्याच सुमारास शेजारच्या गावात एक मजूर उन्हात पडला. वाचला, पण सगळे घाबरले. गटाची बैठक झाली. ठरलं की तापमानाने बेचाळीस ओलांडलं की बारा ते चार केळीची कापणी बंद. तसा संदेश आपोआप सगळ्यांच्या फोनवर जाईल, मुकादमांच्याही. चांगला नियम होता. मग प्रश्न आला की अकरा खांबांपैकी आकडा धरायचा कुणाचा. इंजिनिअर बाई म्हणाली, "नाना सरांचा धरा. त्यांना यातलं कळतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहाची बशी होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की माझा खांब बागेत आहे आणि त्याला ओलं गोणपाट आहे. लोक हसले असते. वर्षभर हसले असते. मी बशीतला चहा संपवला आणि म्हणालो, "चालेल."

खांबावर गोणपाट होतं तोवर आमचा नियम एकदाही लागू झाला नाही. प्रल्हादभाऊंचा फोन टेबलावर ठेवला तर तापून बंद पडायचा. झाडावरचे कावळे चोच उघडी टाकून बसायचे. गाडीवानाने सडकेवर सांडलेलं पाणी खाली पोचायच्या आत नाहीसं व्हायचं. आणि माझा खांब एकोणचाळीस सांगायचा, चाळीस सांगायचा. माणसं आपल्या अंगावर विश्वास ठेवायची सोडून फोनवर ठेवायला लागली. कुणी बसलं की दुसरा म्हणायचा, इतकं काही नाही, चाळीससुद्धा नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठ दिवस झाले होते. पाड्यावरच्या कडुलिंबांना बांधलेले झोके अजून सोडले नव्हते, असं बाया कापणी करता करता बोलत होत्या. माझ्याच बागेत कापणी होती, सडकेवर गाडी उभी होती. मी खोलीत पंखा बंद असल्यामुळे उघड्या दाराशी पडून होतो. वीज सकाळीच गेली होती.

एकच्या सुमाराला गुलीबाई पांधीच्या तोंडाशी असलेल्या एकुलत्या बाभळीखाली बसली. रायसिंग तिच्याजवळ गेला, दोघांचं काही बोलणं झालं. मला शब्द ऐकू आले नाहीत. त्याने खिशातून मोबाइल काढून तिच्या तोंडासमोर धरला, ते मी पाहिलं. ती उठली. तिने एक घड नेला. दुसरा नेताना पांधीच्या मध्यावर ती गुडघ्यांवर आली आणि मग बाजूला पडली. घड तिच्या अंगावर आला, त्यामुळे त्याला खरचटलंसुद्धा नाही. आम्ही तिला उचलून नेत होतो तेव्हा कुणीतरी तो घड गाडीत चढवला. एकही केळ काळं पडलं नव्हतं.

तिच्या अंगाला हात लावला तर चटका बसत होता. घाम नव्हता. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. डॉक्टरने विचारलं, "तिथे तापमान किती होतं?" दाराशी दहा-बारा जण उभे होते, सगळ्यांनी मला वाट करून दिली. मी शिकलेला. मी मोबाइल पुढे केला. एक वाजता एकोणचाळीस पूर्णांक चार. डॉक्टरने ते पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "आधीपासून काही त्रास होता का हिला?" त्याने रायसिंगला विचारलं. कागदावर हृदय बंद पडल्याचं आलं. ते खोटंही नव्हतं, हृदय बंद पडल्याशिवाय कुणी मरत नाही.

त्या संध्याकाळी मी गोणपाट सोडून जाळलं आणि खांब परत बांधावर नेऊन रोवला. दुसऱ्या दिवशी अकराच्या आतच सगळ्यांच्या फोनवर संदेश गेला, कापणी बंद. टपरीवर प्रल्हादभाऊ म्हणाले, "कालदिन नव्हतं, आज एकदम तपनं." मी म्हणालो, "हो. एकदम तापलं."

तीन वर्षं मी त्या दिवसाचा आलेख पाहत आलो आहे. ॲपमध्ये मागचं सगळं राहतं, कुठलाही दिवस काढता येतो. त्या उन्हाळ्यातल्या रोजच्या रेषेला अकरा वाजता एक खळगा आहे, गुलीबाईच्या बादलीचा. रेषा चढत येते, खळग्यात उतरते, मग दिवसभर दबून राहते. फक्त शेवटच्या दिवशी खळगा उशिरा आहे, पावणेबाराला. तोवर रेषा एक्केचाळीस पूर्णांक आठपर्यंत गेली होती. हे मी कितीदा पाहिलं असेल. का उशीर झाला असेल, असा प्रश्न मला तीन वर्षांत पडला नाही. मी फक्त एकोणचाळीस पूर्णांक चार बघत बसायचो.

यंदा होळीनंतर प्रल्हादभाऊंचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ते सहज म्हणाले, "तो रायसिंग नही का, त्यानी पोरनं जमेल लगीन मोडनं." मी विचारलं, का? "माय एकोनचाळीस अंशमा मरी गई. पोरमा बी तोच रोग व्हई, असं म्हंतस लोके."

मी एस.टी.ने चोपड्याला गेलो, पुढे रिक्षाने पाड्यावर. चैत्र होता. अंगणात मोहाची फुलं वाळत टाकलेली होती, त्यांच्या गोड वासाने डोकं भरून येत होतं. रायसिंग ती हाताने पसरत होता. त्याची मुलगी सुनीता दाराशी बसली होती, एकोणीस-वीस वर्षांची, बारावी झालेली. त्याने मला खाट टाकली. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. बांध, बाग, गोणपाट, बैठक, डॉक्टर. सांगताना मी खाली पाहत होतो.

"म्हंजे मशीन खोटं बोलनं?" रायसिंगने विचारलं.

"मशीन नाही. मी."

तो फुलं पसरत राहिला.

"मंग खरं कितलं व्हतं, सर?"

"पंचेचाळीस असेल. शेहेचाळीसही असेल."

"असीन?"

त्या दिवशीची खरी हवा कुणीच मोजलेली नव्हती. बाकीचे खांबही आंब्याखाली नाहीतर विहिरीकाठी होते.

"त्या दिन लाईट नव्हती," रायसिंग म्हणाला. तो माझ्याशी बोलत होता की स्वतःशी, मला कळलं नाही. "टाकी कोरडी. ती लाईटनी वाट देखे. उनी नही. मंग तिनं तिनी कॅन वती दिनी त्या गोणपाटवर."

"कोणती कॅन?"

"पेवाना पानीनी. बठ्ठी वती दिनी." त्याने हात पुसले. "मंग मनाकडे पानी मागाले उनी. मी म्हनं, तुनी कॅन कोठे गई? ती म्हने, मशीनले चक्कर येस, सर सांगतस."

सुनीताने मान वर केली नाही.

"मी तिले येडी म्हनं," रायसिंग म्हणाला. "मोबाईल दखाडा. पानी नही दिनं."

मी काहीतरी बोलायला गेलो. दोष माझा आहे, तुझा नाही, असं काहीसं. त्याने मला बोलू दिलं नाही. "ते ऱ्हाऊ द्या. पानीनं ते मनं शे." मग त्याने मुलीकडे बोट केलं. "तिनासाठे लिखी द्या. लोकेसले दखाडाले. पन त्यामा असीन नको."

"आईला काही त्रास नव्हता," सुनीता प्रथमच बोलली. "तेवढं लिहा, सर. सरळ."

परतीच्या एस.टी.त मी मोबाइल काढला आणि तो दिवस पुन्हा उघडला. पावणेबाराचा खळगा. एक्केचाळीस आठवरून रेषा खाली उतरते. त्याच्या आधीचा चढ मी बोटाने पुढे वाढवून पाहिला. गोणपाट कोरडं राहिलं असतं तर बाराच्या ठोक्याला बेचाळीस ओलांडलं असतं आणि सगळ्यांच्या फोनवर संदेश गेला असता. रायसिंगच्याही. कापणी थांबली असती. हे मी त्याला पाड्यावर सांगू शकलो नाही, कारण तोवर मला ते दिसलंच नव्हतं. आता लिहितो आहे, म्हणजे सुनीता वाचेल आणि तिच्या तोंडून त्यालाही कळेल. यातून त्याला कसलाही दिलासा मिळणार नाही. मला मिळावा अशी माझी इच्छा नाही असंही म्हणवत नाही.

मघापासून मोबाइल दोनदा वाजला. पंचेचाळीस पूर्णांक तीन, मग पंचेचाळीस पूर्णांक पाच. आता खांब उघड्यावर आहे, आता तो खरं सांगतो.

रायसिंगने सांगितलं तसं लिहितो. गुलीबाईला कसलाही आजार नव्हता. ती मेली त्या दिवशी माझ्या बागेत एकोणचाळीस अंश नव्हतं. तो आकडा मी ओल्या गोणपाटाने तयार केला होता, आणि खरा आकडा आता कुणालाच मिळणार नाही. तिच्या पाण्याची कॅन भरलेली होती. ते सगळं पाणी तिने माझ्या सांगण्यावरून मशीनला पाजलं.